मेक तगडा की पायलट तगडा? आमच्या घरच्या नियमांचा तोल जातोय, मदत हवी

देवगडचा दिवा

नमस्कार मंडळी, जरा लांब लिहिणार आहे, वेळ काढून वाचा.

आम्ही पाच जण देवगड, मालवण, कुडाळ असे विखुरलेले. महिन्यातून दोनदा कणकवलीला एकाच्या घरी जमतो कारण तिथे यायला सगळ्यांना बरं पडतं, आणि टेबलावरचं बॅटलटेक खेळतो, म्हणजे मेकची (आत पायलट बसून चालवतो ती अवजड लढाऊ यंत्रं) लढाई, षटकोनी घरांचा नकाशा आणि दोन फासे घेऊन. कॉम्प्युटरवरचं पण खेळतो पण जून-जुलैत लाईटचा भरवसा नसतो, टेबलावरच्या खेळाला एक इमर्जन्सी लाईट पुरते.

तर गेल्या रविवारी काय झालं, आमच्यातल्या एकाचा पायलट आता नेमबाजी २ वर पोचलाय. (माहीत नसलेल्यांसाठी : यात आकडा जितका कमी तितका पायलट चांगला, साधा पायलट म्हणजे नेमबाजी ४, पायलटिंग ५.) तो त्याने बसवला हंचबॅकमध्ये. ५० टनी मेक, खांद्यावर एसी-२० तोफ, गोळा लागला की २० डॅमेज. वर टार्गेटिंग कॉम्प्युटर जोडला (नेम १ ने सोपा करतो), तोफ १४ टनांची म्हणून तो ४ टनांचा पडला, त्यासाठी चिलखत काढलं थोडं. आता हिशोब बघा, मध्यम पल्ला, स्वतः चालतोय, समोरचा ३-४ घरं हललाय, तरी त्याला दोन फाशांवर ५ किंवा वर हवेत, म्हणजे ८३.३ टक्के. माझा नेमबाजी ४ वाला पायलट त्याच परिस्थितीत कॉम्प्युटरशिवाय ८ शोधत बसतो, ४१.७ टक्के. चार टर्नमध्ये दोन मेक गेले आणि बाकीचे चहा प्यायला उठले. त्याने काही चूक केलेली नाही, सगळं नियमात बसवलंय, म्हणून जास्त वाईट वाटलं.

त्यात मी हौसेने स्वतःचे सहा पायलट-गुण पण लिहिलेत, 'थंड डोकं' (दर टर्नला उष्णता २ ने कमी), 'पक्की नजर' (नेम १ ने सोपा), 'चिवट', असे. वाटलं होतं पायलटांना जरा चेहरा येईल. झालं उलटंच, जो आधीच तगडा त्यालाच अजून धार आली. मेक जोडण्यातली मजा मला घालवायची नाहीये आणि पायलट म्हणजे नुसता कागदावरचा आकडा असंही नको. कुठे किती द्यायचं ते सांगा.

खाडीकाठ

दिवा, तुझा घोळ फाशांतच आहे. एका फाशावर +१ म्हणजे कुठेही सारखाच, दोन फाशांवर तसं नसतं, मधे डोंगर आणि दोन्ही बाजूंना उतार.

तुझाच एसी-२० घेऊ, कॉम्प्युटर बाजूला ठेवू. चालत मारतोय म्हणून +१, समोरचा ३-४ घरं हललाय म्हणून अजून +१. नेमबाजी ४ ची ३ केली तर काय होतं बघ.

जवळचा पल्ला : ६ चे ५ लागतात, ७२.२ वरून ८३.३ टक्के, म्हणजे साधारण १५ टक्के जास्त डॅमेज.
मध्यम : ८ चे ७, ४१.७ वरून ५८.३, म्हणजे ४० टक्के जास्त.
लांब : १० चे ९, १६.७ वरून २७.८, म्हणजे ६७ टक्के जास्त!

पायलट तोच, सुधारणा तीच, पण लांबून मारणाऱ्या जोडणीत बसवला की चौपट कामाचा. आणि बॅटल व्हॅल्यूच्या (मेकच्या लढाऊ ताकदीची आकड्यातली किंमत, पायलटच्या गुणकाने बदलते) तक्त्यात नेमबाजी ३ ला गुणक किती तर १.२, मेक कुठलाही असो. मला गुणाकाराची कल्पना मनापासून पटते, कारण चांगला नेमबाज २० टनी लोकस्टमध्ये बसला काय आणि १०० टनी ॲटलसमध्ये बसला काय, किंमत सारखी लावली तर सगळे त्याला ॲटलसमध्येच कोंबणार, गुणाकाराने निदान तो अन्याय तरी जातो. पण तक्ता शेवटी सरासरीचा आहे, ज्याने जोडणी मुद्दाम त्या पायलटसाठी बेतली त्याला तो पकडू शकत नाही. तुमच्या भिडूचा नेमबाजी २, पायलटिंग ५ चा गुणक १.४ आहे, आणि मध्यम पल्ल्यावर नुसत्या पायलटमुळे त्याचा डॅमेज ७३ टक्क्यांनी वाढतो, कॉम्प्युटर वेगळाच.

मुळात तुम्ही बॅटल व्हॅल्यू मोजून खेळता का? की नुसते टन?

देवगडचा दिवा

काका, नुसते टन. प्रत्येकी २०० टन, चार मेक. म्हणजे पायलट फुकटच पडत होता की, हे लक्षातच आलं नव्हतं.

कुडाळचो झील

माका येक सांगा, पायलट मेलो तर नवीन खयसून हाडतलात? आमच्या खेळात चार सेशन खेळलेलो पायलट गेलो, तेव्हा मशीन जळल्याचा येवढा वाईट नाय वाटला, त्येचा वाटला. तुमचो तो नेमबाजी २ वालो कधी जखमी तरी झालो काय? नाय झालो तर तो सगळा खाऊन टाकतलोच.

सुरंगी

मी एक चाळणी वापरते, बघा उपयोगी पडते का. कुठलाही गुण लिहिला की स्वतःला विचारायचं, हाच फायदा मला वर्कशॉपमध्ये टन देऊन विकत मिळतो का? मिळत असेल तर तो गुण नाही, तो पार्ट आहे आणि तो पायलटच्या खिशात फुकट ठेवलाय.

'थंड डोकं' घ्या. दर टर्नला २ उष्णता कमी म्हणजे बरोब्बर एक डबल हीट सिंक, मारताना तापणाऱ्या मेकला थंड करणारा पार्ट. एक टन. तो गुण घेणारा माणूस त्या टनात मीडियम लेझर टाकणार, अजून ५ डॅमेज, बास. पायलट थंड डोक्याचा आहे हे खेळताना कोणाला जाणवणारही नाही, फक्त एक लेझर जास्त दिसेल. 'चिवट' म्हणजे काय, चिलखताचे जादा पॉइंट ना? एका टनात १६ येतात साध्या चिलखताचे. तो पण पार्ट.

याउलट २०१८ मध्ये कॉम्प्युटरवर जे बॅटलटेक आलं त्यात पायलटची चार अंगं आहेत, गनरी, पायलटिंग, गट्स, टॅक्टिक्स, आणि ती वाढवली की आकडे तर सुधारतातच पण मधे मधे एकदम नवीन कामं उघडतात. गनरी ५ ला एका टर्नमध्ये वेगवेगळ्या शत्रूंवर वेगवेगळी शस्त्रं मारता येतात, टॅक्टिक्स ५ ला सेन्सर लॉक, म्हणजे आपण न मारता समोरच्याला उघडं पाडायचं आणि बाकीच्यांनी मारायचं. त्या मूळ खेळात सेन्सर लॉक कुठल्या दुकानात टन देऊन मिळत नाही, त्यासाठी तो माणूसच बसलेला लागतो. मला आजही आठवतं की माझी सेन्सर लॉकवाली पायलट जखमी होऊन दवाखान्यात होती तेव्हा मी दोन मिशन कशी चाचपडत काढली. मेक तिचाच होता, आत दुसरा बसवला होता, सगळे लेझर जागच्या जागी आणि तरी हात बांधल्यासारखं झालं होतं. हे जाणवायला पाहिजे पायलटचं.

पंप_नंबर_दोन

सुरंगी, चाळणी छान आहे पण मग नेमबाजीचं काय? टार्गेटिंग कॉम्प्युटर १ ने नेम सोपा करतो आणि दिवाच्या हंचबॅकवर त्याचं वजन ४ टन. म्हणजे नेमबाजी ४ ची ३ होणं = ४ टन. तुझ्या चाळणीत खेळाचा मूळ आकडाच अडकतो, १९८४ पासून चालत आलेला. तो पण काढून टाकायचा?

सुरंगी

हो. निदान करून बघायला हरकत नाही. सगळ्यांची नेमबाजी ४ ठेवा आणि पायलटमधला फरक दुसरीकडे दाखवा.

पंप_नंबर_दोन

मला नाही पटत. नवशिका आणि वीस लढाया केलेला दोघांचा नेम सारखा? मग पायलट मोठा झाल्याचं समाधान कुठून येणार, पोरं चार-चार महिने खेळून तो आकडा एकाने खाली आणतात.

मिरकरवाड्याची पोर

मी मेकचं फार खेळलेले नाही, भाऊ खेळतो त्याच्या शेजारी बसून बघते, पण वरचं वाचून राहवलं नाही.

आमच्या घरी दोन होड्या. एकीवर सहा सिलिंडरचं इंजिन, जीपीएस, फिश फाइंडर, सगळं. दुसरी जुनी. आणि तांडेल दोन, एक पंचावन्नचा आणि एक पोरगा तिशीचा. बाबांनी एका हंगामात नवी होडी पोराला दिली, कारण यंत्रं त्याला समजतात, आणि जुनी म्हाताऱ्याला. आता बघा, पोराची होडी जास्त वेगाने जायची, जाळं लवकर ओढलं जायचं, मासा कुठे आहे ते स्क्रीनवर दिसायचं. म्हाताऱ्याकडे त्यातलं काही नाही, पण खाडीच्या तोंडाशी वाळू दर पावसाळ्यानंतर सरकते, ओहोटीला कुठून आत शिरायचं ते त्याला पाण्याच्या रंगावरून कळतं. तो ओहोटीतही आत येऊन जेट्टीला लागायचा आणि लिलावाला पहिला माल त्याचा. पोरगा भरती होईपर्यंत बाहेर नांगर टाकून थांबायचा, चार तास बर्फ वितळतोय.

म्हणजे तांडेलामुळे इंजिनाची हॉर्सपॉवर वाढत नाही हो. जिथे होडी जाऊच शकत नाही असं बाकीच्यांना वाटतं तिथे तो ती नेतो. तुमच्या पायलटचं तसं करता येणार नाही का? नेम १ ने सोपा वगैरे मला खोटं वाटतं, ते इंजिनाचं काम झालं.

आणि म्हाताऱ्याच्या खोडी पण होत्या, अमावस्येला बाहेर काढायचा नाही म्हणजे नाही. बाबा चिडायचे पण ऐकायचे.

खाडीकाठ

पोरी, तू जे लिहिलंस ते आम्ही तक्ते काढून पण सांगू शकलो नसतो. दिवा, तुझ्या खेळात ही ओहोटीची वाट आहेच! खोली १ च्या, म्हणजे मेकचे पाय बुडतील इतक्या पाण्यात शिरताना पायलटिंगचा फासा टाकावा लागतो, पडलास तर पाण्यात आडवा. म्हणून सगळे पाणी टाळतात. पण पाण्यात पाय बुडवून उभा राहिलास तर पायातले हीट सिंक दुप्पट काम करतात (जादा मिळणारी उष्णताकपात जास्तीत जास्त ६), वर अर्धवट आडोसा मिळतो म्हणजे समोरच्याचा नेम १ ने अवघड. आता असा गुण लिही, नाव ठेव 'खाडीतला' : पाण्यात शिरताना फासा टाकावा लागत नाही. बास एवढंच. डॅमेज नाही, टक्के नाहीत. पण तो पायलट मिळाल्यावर भिडू वर्कशॉपमध्ये जाऊन काय करेल सांग? पायात सिंक बसवेल. पायात मोकळ्या जागा दोन-दोनच असतात, डबल सिंक तिथे मावत नाही, तीन जागा लागतात त्याला. म्हणजे साधे चार सिंक, आणि पाण्यात उभं राहिल्यावर ४ उष्णता वरकड. पायलटमुळे जोडणी बदलली, आणि ती जोडणी दुसऱ्या पायलटला दिली तर तिचा अर्धा अर्थ गेला. मेक आणि पायलट एकमेकांत अडकले पाहिजेत, एकमेकांवर नुसते रचले जायला नकोत.

सुरंगी

काका, हे मी वहीत उतरवून घेतलंय!

कुडाळचो झील

खोड पण घाला रे प्रत्येकाक. आमच्या आजोबांका पण अमावस्या चलाची नाय.

पंप_नंबर_दोन

ठीक आहे, मी थोडा मऊ झालोय. पण वाढीचा प्रश्न राहतोच, त्यावर दुसरे खेळ काय करतात ते बघा, दोन टोकं आहेत.

एक टोक मेकवॉरिअर ऑनलाइन. २०१७ मध्ये त्यांनी स्किल ट्री आणला, प्रत्येक मेकला ९१ पॉइंट, आणि ते पॉइंट त्या मेकचेच, तुमचे नाहीत. नवीन मेक घेतला की परत शून्यापासून. पायलट म्हणून तुम्ही काहीच लक्षात ठेवत नाही, हे मला कधीच आवडलं नाही, मी दीड वर्ष खेळून सोडला त्याला हे एक कारण.

दुसरं टोक लान्सर, २०१९ चा, टेबलावरचा. तिथे हल, ॲजिलिटी, सिस्टिम्स, इंजिनिअरिंग ही चारही कौशल्यं पायलटची, मेक बदलला तरी सोबत येतात. लेव्हल शून्य ते १२, प्रत्येक लेव्हलला कौशल्याचा एक पॉइंट, टॅलेंटचा एक, आणि एक लायसन्स, म्हणजे नवीन पार्ट वापरायची परवानगी. मेक उडाला तर नवा छापून घ्या. यातली बारीक गंमत म्हणजे पार्ट पण पायलटच्या वाढीतूनच उघडतात, त्यामुळे एकाची वाढ झाली आणि दुसरं मागे राहिलं असं होत नाही. मला दिवाच्या खेळात हेच हवंय. नेमबाजी कमी करत नेण्याऐवजी पायलट मोठा झाला की त्याला एक जादा पार्ट वापरायची परवानगी द्या, टन त्याने स्वतःच्या मेकमधूनच काढायचे.

(अवांतर : १९९७ च्या पहिल्या आर्मर्ड कोअरमध्ये पायलटला आकडेच नव्हते, सगळं तुमच्या हातात. पण कर्ज उणे ५०,००० च्या खाली गेलं की तुमच्या पायलटवर शस्त्रक्रिया होऊन तो ह्युमन प्लस व्हायचा आणि खेळ पुन्हा सुरू, जादा ताकदीसह. हरणाऱ्याला हात देण्याची इतकी अंगावर येणारी पद्धत मी दुसरीकडे पाहिली नाही.)

कुडाळचो झील

इन्टू द ब्रीच कोणी खेळला नाय काय? त्येच्यात मेक मोडलो तर लढाईनंतर परत येता, पण आतलो पायलट गेलो तो गेलो. माझ्या म्हणण्याचो अर्थ तोच होतो.

देवगडचा दिवा

सगळ्यांचे मनापासून आभार, दोन रात्री जागून नवीन कागद केलाय. पुढच्या बैठकीला असं खेळणार :

सगळ्यांची नेमबाजी ४, पायलटिंग ५, पक्कं. टनांऐवजी बॅटल व्हॅल्यू. माझे सहाच्या सहा गुण रद्द. नवीन तीन : 'खाडीतला' काकांनी सांगितला तसाच. 'राखून मार', म्हणजे आपल्या वेळेला न मारता थांबायचं आणि समोरचा हलत असताना मधेच गोळी सोडायची. 'नाक', टर्नला एकदा समोरच्या एका मेकची उष्णता आणि उरलेला दारूगोळा विचारायचा, त्याने खरं सांगायचं. प्रत्येकाला एक खोड, ती समोरचा भिडू निवडणार. नेमबाजी २ वाल्या मित्राला आधी फोन करून सांगितलं, त्याच्या चार महिन्यांच्या मेहनतीचा प्रश्न होता. तो म्हणाला मलाच कंटाळा आलेला सारखं जिंकून, पण पायलटचं नाव तेच ठेवणार. ठेवू दे.

देवगडचा दिवा

काल खेळलो, सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा, बाहेर धो धो.

'नाक' सगळ्यात भारी निघाला आणि मला अजिबात अपेक्षा नव्हती. एसी-२० ला टनाला पाचच गोळे मिळतात. हंचबॅकवाल्याने एकच टन नेला होता, तिसऱ्या गोळ्यानंतर समोरच्याने नाक वापरून विचारलं, उत्तर आलं दोन. मग दोघे जण फक्त त्याला गोळे संपवायला लावत झाडांमागून पळत होते. पुढच्या वेळी तो दोन टन नेणार, म्हणजे एक टन चिलखत किंवा लेझर गेला. काका म्हणाले तसंच, समोरच्या पायलटमुळे याची जोडणी बदलली.

'राखून मार' मोडला. हलणाऱ्याला मधेच मारायचं तर तो तोपर्यंत दोनच घरं गेलेला असतो, दोन घरांना नेम अवघड होतच नाही, म्हणजे पळणाऱ्यावर पण सोपा नेम. पुन्हा टक्केच शिरले मागल्या दाराने. तिथल्या तिथे दुरुस्ती केली, राखून मारणाऱ्याने त्या टर्नला जागचं हलायचं नाही आणि समोरच्याने सांगितलेली पूर्ण चाल धरून नेम मोजायचा. दुसऱ्या डावात बरा चालला.

'खाडीतला' माझ्याकडे होता. पायात चार सिंक घालून नदीत उभा राहिलो, दोन पीपीसी (ऊर्जेच्या तोफा), एकेक १० उष्णतेची, सलग तीन टर्न सोडल्या तरी काटा चढला नाही, कोणाला पाण्यात यायची हिंमत नाही. इतकं समाधान मला जिंकताना पण कधी मिळालं नव्हतं, आणि डाव तर हरलो मी. पण दुसऱ्या डावाचा नकाशा निघाला वाळवंटाचा. पाण्याचा थेंब नाही. माझा गुण गेला वाया आणि पायातले सिंक नुसतं ओझं.

मिरकरवाड्याची पोर

मग म्हाताऱ्याला वाळवंटात नेलंत कशाला 🙂 खाडी नसेल तिथे दुसरा तांडेल पाठवायचा ना.

खाडीकाठ

तिचं बरोबर आहे. प्रत्येकाकडे पायलट चारापेक्षा जास्त असू देत, सहा ठेव. आधी नकाशा उघडायचा, मग पायलट निवडायचे, पण मेकची जोडणी त्याआधी लॉक. म्हणजे जोडणी करताना तुला ठरवावं लागेल की एकाच पायलटसाठी बेतायची की कोणीही बसला तरी चालेल अशी ठेवायची. पहिली जास्त धारदार, दुसरी जास्त भरवशाची.

पंप_नंबर_दोन

आणि जखमी झालेला पुढची एक बैठक बाहेर. झीलचं पण होईल.

कुडाळचो झील

होय होय. आणि माका बोलवा, कणकवली माका ट्रेनीन पाऊण तास पण नाय.

देवगडचा दिवा

झील, ये की रे, पुढच्याच्या पुढच्या रविवारी. सहा पायलटांचा कागद करतो तोपर्यंत. खोडींची यादी अजून चारच्या पुढे जात नाहीये, 'अमावस्येला निघत नाही' खेळात कसं बसवायचं ते कोणी सुचवा, मला ती घ्यायचीच आहे.

सुरंगी

रात्रीच्या नकाशावर तो पायलट निवडताच येत नाही. सरळ.

देवगडचा दिवा

लिहिलं.